पेपर टूसाठी जोडीची कृती कशी निवडायची : आयबी इंग्लिशच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाच्या ‘इंग्लिश ए’ विषयातला पेपर टू म्हणजे तुलनात्मक निबंध. वेळ पावणेदोन तास, गुण ३०. चार प्रश्न येतात, त्यांतला एक निवडायचा आणि वर्गात शिकलेल्या दोन साहित्यकृतींची तुलना करत त्याचं उत्तर लिहायचं. पुस्तक जवळ ठेवायला परवानगी नाही. एसएलला (स्टँडर्ड लेव्हल) हा पेपर एकूण मूल्यमापनाच्या ३५ टक्के, एचएलला (हायर लेव्हल) २५ टक्के. लिटरेचर असो की लँग-लिट (लँग्वेज अँड लिटरेचर), एसएल असो की एचएल, पेपरचं स्वरूप एकच. (हे सगळं २०२१ पासून ज्याच्या परीक्षा होत आहेत त्या अभ्यासक्रमाबद्दल आहे.)

प्रश्नात कुठल्याही पुस्तकाचं नाव नसतं. ‘जागा’, ‘काळ’, ‘शेवट’, ‘वाचकाची सहानुभूती’ असं काहीतरी सर्वसाधारण विचारलेलं असतं आणि ते तुमच्या दोन कृतींवर तुम्हालाच बसवायचं असतं. म्हणून जोडी कुठली घेतली यावर पेपरचं बरंचसं भवितव्य परीक्षेच्या काही महिने आधीच ठरून गेलेलं असतं.

एक पुस्तक बहुतेकांचं ठरलेलं असतं: जे आवडलं, जे नीट समजलं ते. घोळ होतो दुसऱ्याच्या निवडीत. ‘दोन्हींत स्त्रियांवरचा अन्याय आहे’, ‘दोन्हींत हुकूमशाही आहे’ एवढ्यावर जोडी लावली जाते आणि फेब्रुवारीतल्या सराव परीक्षेत दोन परिच्छेदांतच सांगण्यासारखं संपतं.

आधी वजाबाकी

आवडीनिवडीच्या आधी हिशेब करा. एका मूल्यमापनात वापरलेली कृती दुसऱ्यात चालत नाही. इंडिव्हिज्युअल ओरल (वैयक्तिक तोंडी परीक्षा), म्हणजे आयओमध्ये जे घेतलं ते बाद. एचएल एसेमध्ये (एचएलवाल्यांच्या वेगळ्या निबंधात) जे घेतलं तेही बाद. कवितासंग्रह असेल तर ‘आयओत दोनच कविता घेतल्या होत्या, बाकीच्या पेपरात घेतो’ ही पळवाट धरू नका. कृती म्हणून तो संग्रह वापरून झालेला असतो.

लिटरेचर एसएलला एकूण ९ कृती असतात. आयओ दोन खातो, उरतात ७. एचएलला १३, आयओच्या दोन आणि एसेची एक गेली की १०. इथे निवडीला वाव आहे. लँग-लिट एसएलला मात्र साहित्यकृती ४ च. आयओत एक जाते, उरतात ३. एचएलला ६ पैकी साधारण ४ उरतात. जाहिराती, भाषणं, व्यंगचित्रं असं जे बिगरसाहित्यिक साहित्य लँग-लिटला शिकवतात, ते पेपर टूत चालत नाही. तेव्हा लँग-लिट एसएलवाल्यांनी ‘जोडी निवडतो’ म्हणण्यापेक्षा ‘उरलेल्या तिघांना ओळखतो’ म्हणणं जास्त खरं.

म्हणून आयओची कृती पक्की करण्याच्या आधीच पेपर टूचा विचार व्हायला हवा. आयओ बऱ्याच शाळांत पहिल्या वर्षाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला होतो. त्या वेळी पेपर टू लांब वाटतो आणि हातातलं सगळ्यात भक्कम पुस्तक दहा मिनिटांच्या तोंडीसाठी खर्ची पडतं. आयओला दोन छोटे उतारे पुरतात आणि ते समोर असतात. तिथे मध्यम ताकदीचं पुस्तकही चालून जातं. ज्या पुस्तकातले प्रसंग तुम्हाला न बघता सांगता येतात, ते पेपर टूसाठी राखून ठेवा.

आणखी एक, बाहेर स्वतः वाचलेलं पुस्तक चालत नाही, मग ते कितीही चपखल असो. वर्गात शिकलेलंच हवं.

सारखेपणा किती हवा

गुणांची विभागणी बघितली की हे आपोआप कळतं. पहिला निकष, ज्ञान, आकलन आणि अर्थ लावणं : १० गुण. दुसरा, लेखकाने केलेल्या निवडींचं विश्लेषण आणि मूल्यमापन : १०. तिसरा, मुद्द्यावर राहणं, रचना आणि दोन्ही कृतींना समतोल वाटा : ५. चौथा, भाषा : ५. पहिल्या दोन्ही निकषांत साम्य आणि भेद दोन्ही तपासले जातात. म्हणजे फक्त साम्य दाखवणारा निबंध वीस गुणांच्या अर्ध्या रस्त्यावरच थांबतो.

तेव्हा इथे छत्तीस गुण जुळायला नकोत, आणि छत्तीसचा आकडाही नको. अगदी सारखी पुस्तकं घेतली, उदाहरणार्थ एकाच लेखकाची दोन नाटकं किंवा एकाच साच्यातल्या दोन भविष्यकथा, तर प्रत्येक परिच्छेदात ‘तसंच दुसऱ्यातही’ एवढंच म्हणता येतं. अगदी दूरची घेतली तर अर्धा निबंध ही दोन पुस्तकं एकत्र का आणली हे पटवण्यात जातो.

कामाची जोडी ओळखायची खूण अशी : दोन्ही कृती एकाच पेचाभोवती फिरतात, पण लेखकांनी तो पेच उभा करायला वेगळी हत्यारं वापरली आहेत आणि म्हणून वाचक वेगळ्या ठिकाणी पोचतो. पेच समान, हत्यार वेगळं, मुक्काम वेगळा. यातलं मधलं पद सगळ्यांत महत्त्वाचं, कारण दुसऱ्या निकषाचे दहा गुण तिथेच आहेत. ‘थीम’ जुळवत बसणारे हे मधलंच पद विसरतात.

कोरा कागद आणि दहा ओळी

उरलेल्या यादीतून तीन किंवा चार कृती घ्या. (दोनच तयार करणं धोक्याचं आहे, ते पुढे येतंच.) ए-४ कागद आडवा धरा, प्रत्येक कृतीला एक उभा रकाना द्या आणि डावीकडे ओळी लिहा : कोण सांगतं किंवा कोणाच्या नजरेतून दिसतं, काळाची मांडणी, जागा, सत्ता कोणाच्या हातात, कोण गप्प आहे किंवा गप्प केलं जातं, महत्त्वाची वस्तू, विनोद आणि उपहास, गौण पात्रं, सुरुवात, शेवट.

प्रत्येक चौकटीत मत लिहायचं नाही, प्रसंग लिहायचा. ‘पितृसत्ता’ हा शब्द चौकटीत आला की खोडा. ‘पत्रपेटीची किल्ली नवऱ्याकडे’ असं लिहा. प्रसंगातून मत केव्हाही काढता येतं. परीक्षेच्या खोलीत मतातून प्रसंग आठवत नाही.

हे पुस्तक न उघडता करा. जी चौकट रिकामी राहिली ती तुमच्या तयारीतली भोकं दाखवते. एखाद्या कृतीच्या दहापैकी चारपाच चौकटी रिकाम्या राहिल्या तर एकतर ती पुन्हा वाचायला हवी, नाहीतर ती जोडीसाठी घेऊच नका.

एक जोडी प्रत्यक्ष लावून बघू

हेन्रिक इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) अनेक शाळांत लागलेलं असतं. त्याच्या शेजारी विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ प्रिया अडारकर यांच्या इंग्रजी अनुवादात ठेवू. यादीतल्या काही जागा शाळेला मोकळेपणी भरता येतात, लिटरेचर एसएलला दोन आणि एचएलला चार, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या शाळांनी हे नाटक घेणं अशक्य नाही. तुमच्या यादीत नसेल तर पद्धत तेवढी बघा.

थीमवर गेलात तर एक वाक्य मिळतं : दोन्ही नाटकांत समाज एका बाईला दोषी ठरवतो. बरोबर आहे, आणि त्यापुढे जाता येत नाही.

आता ‘जागा’ ही ओळ घ्या. दोन्ही नाटकं एकाच खोलीत घडतात. इब्सेनची खोली हेल्मर कुटुंबाची बैठक : उबदार, सजवलेली, नाताळचं झाड असलेली. तेंडुलकरांची खोली परक्या गावातला सभागृहाचा रिकामा हॉल, जिथे हौशी मंडळी प्रयोगाआधी वेळ घालवायला खोटा खटला खेळतात. एक जागा स्वतःची, पण तिच्यावर ताबा दुसऱ्याचा. दुसरी कोणाचीच नाही, म्हणून तिथे मनाला येईल ते करता येतं.

मग दारं बघा. इब्सेनची नायिका नोरा, तिच्या घरात पत्रपेटीला कुलूप आहे आणि किल्ली नवऱ्याकडे, टोरवाल्डकडे. तिचं गुपित फोडणारं क्रोग्स्टाडचं पत्र काचेतून दिसतं, नोराला ते काढता येत नाही. शेवटी मात्र बाहेरचं दार ती स्वतः ओढून घेते आणि आपल्याला तो आवाज ऐकू येतो. तेंडुलकरांची नायिका, खोट्या खटल्यातली आरोपी बेणारे, हिच्या बाबतीत उलट क्रम आहे. ती येते तीच कडीमुळे बोट दुखावून, हसतखेळत. पुढे खेळातली बोचरी बाजू उघडी पडल्यावर ती जायला निघते तर दार बाहेरून लागलेलं. कोणी मुद्दाम कोंडलेलं नाही, कडीच तशी आहे.

आता निबंधात जाऊ शकणारी दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिलं : ‘दोन्ही नाटकांत दार हे बंधनाचं प्रतीक आहे.’ दुसरं : ‘इब्सेन दार शेवटापर्यंत राखून ठेवतो आणि ते नोराच्या हाताने बंद करवतो, त्यामुळे बाहेर पडणं हा तिचा निर्णय ठरतो, तेंडुलकर ते दार नाटकाच्या मध्येच एका बिघडलेल्या कडीने लावून टाकतात, त्यामुळे निर्णयाची शक्यताच संपते आणि प्रेक्षकाला राग धरायला एकच माणूस सापडत नाही.’ पहिल्यात साम्य आहे, तुलना नाही. दुसऱ्यात वस्तू एक, ती कथानकात कुठे येते ते वेगळं, आणि परिणाम वेगळा. परीक्षक शोधतो ते हे.

‘काळ’ घ्या. नोरा दुसऱ्या अंकाच्या शेवटी तास मोजते : एकतीस तास जगायचं उरलं. घड्याळ सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू यावं अशी ती मोजणी आहे. तेंडुलकरांकडे न्यायाधीश काशीकर आरोपीला बोलायला दहा सेकंद देतो आणि त्या दहा सेकंदांत बेणारेचं लांबलचक स्वगत येतं, बाकी सगळे थिजलेले. ते कोणी ऐकलं का, हे नाटक सांगत नाही. एका नाटकात घड्याळाचा वेळ ताण वाढवतो. दुसऱ्यात कोर्टाचा वेळ आणि बाईचा वेळ हे दोन वेगळेच पदार्थ आहेत.

‘गप्प कोण’ ही ओळ तर नुसती भरून वाहते. ज्याच्यापासून बेणारेला दिवस गेले आहेत तो प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाही, त्याच्यावर खटला होत नाही. इब्सेनच्या नाटकात टोरवाल्ड अखेरपर्यंत समोर असतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. पुरुष समोर आहे की गैरहजर, यावरून दोन्ही शेवटांचा पोत कसा बदलतो यावर अख्खा परिच्छेद होतो.

अशा चारपाच ओळी दोन्हीकडे प्रसंगांसकट भरल्या, की जोडी धरायला हरकत नाही.

तिसरी कृती कशासाठी

वरची जोडी चांगली आहे, तरी एका प्रश्नावर ती अडकेल : कथन करणारा कोण आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा का, स्मृती कशी काम करते. दोन्ही नाटकं, दोन्ही सरळ काळात चालणारी. इथे ताणून उत्तर लिहिता येतं, पण समोर आणखी तीन प्रश्न असताना ताणायचं कशाला? अडचण तेव्हा येते, जेव्हा उरलेल्या तिन्हींतही काही ना काही खोड निघते. म्हणून तिसरी कृती. तीन कृतींतून तीन जोड्या होतात आणि प्रश्न बघून त्यांतली एक उचलता येते.

तिसरी निवडताना पहिल्या दोघींत जे नाही ते हवं. दोन नाटकं असतील तर कादंबरी किंवा कविता. दोन्ही अनुवादित असतील तर मूळ इंग्रजीतली. या हिशेबाने मार्गारेट अ‍ॅटवूडची ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) बघा. सांगणारी ऑफ्रेड, काळ मागेपुढे उड्या मारणारा, ‘नाइट’ नावाचे सात भाग दिवसाच्या गोष्टींमध्ये पेरलेले, आणि ती स्वतःच कबूल करते की मी सांगते ती पुनर्रचना आहे. ड्रायव्हर निकची भेट तर ती सांगते, मग असं झालं नाही म्हणते, पुन्हा वेगळी सांगते. कथनाच्या प्रश्नाला यापेक्षा जास्त काय हवं.

दारांच्या ओळीतही ती चोख बसते : ऑफ्रेडच्या खोलीचं दार कुलूपबंद होत नाही, धड लागतही नाही. नोराला किल्ली नाही, बेणारेला कडी उघडत नाही, ऑफ्रेडला स्वतःवर बंद करून घेता येईल असं दारच नाही.

शेवटाला पोचलं की आणखी एक जोड सापडते आणि ती सहसा निबंधांतून निसटते. कादंबरीच्या अखेरीस ‘हिस्टॉरिकल नोट्स’ आहेत. २१९५ सालच्या परिषदेत प्रोफेसर पिएक्सोटो ऑफ्रेडच्या कॅसेटवरच्या कहाणीबद्दल बोलतो, विनोद करतो, श्रोते हसतात. गिलियडच्या (कादंबरीतल्या हुकूमशाही राजवटीच्या) लोकांचा नैतिक न्याय करण्याबाबत जपून राहा असंही सुचवतो. आता तेंडुलकरांच्या खोट्या खटल्याकडे वळा : तिथेही जमलेली मंडळी एका बाईच्या आयुष्याची करमणूक करतात, पण काशीकर न्याय करतोच, गर्भ नष्ट करावा असा निकाल देतो. एका सभेला न्याय करायचा नाही आणि एका सभेला तोच करायचा आहे, आणि दोन्हीकडे बाईचा आवाज दुसऱ्यांच्या कामकाजात बुडतो. इथे अ‍ॅटवूड आणि तेंडुलकर ही जोडी इब्सेनवाल्या दोन्ही जोड्यांपेक्षा वरचढ ठरते. तिन्ही जोड्या तोडीस तोड असतील ही अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक जोडीला एकदोन हुकमी विषय असले तरी बस्स.

आठ प्रश्नांची परीक्षा

निवड पक्की करण्याआधी जोडी तपासून घ्या. शाळेकडून जुने प्रश्न मिळाले तर उत्तम. नसतील तर स्वतः आठ तयार करा. साचा सोपा आहे : एक घटक, आणि ‘तो कसा आणि कोणत्या परिणामासाठी वापरला आहे’. जागा, काळ, शेवट, मौन, एखादी वस्तू, गौण पात्रं, हास्य, वाचकाची सहानुभूती कोणाकडे वळते आणि कशी.

प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटं. प्रत्येक कृतीतले तीन प्रसंग आणि त्यांतून निघणारा एक भेद एका ओळीत लिहायचा. आठांपैकी सहा प्रश्नांना जमलं तर जोडी टिकाऊ. चार किंवा कमी असेल तर दुसरी कृती बदला. पाच असेल तर कुठे अडलं ते बघा : प्रसंग आठवले नाहीत म्हणून अडलं असेल तर पुन्हा वाचून भागेल. प्रसंग होते पण भेद सापडला नाही म्हणून अडलं असेल तर वाचून काही होणार नाही, जोडीच बदलायला हवी. हा फरक फार कामाचा आहे.

भेद लिहिताना ‘जास्त’ आणि ‘कमी’ हे शब्द सारखे येत असतील (‘यात जास्त अन्याय, त्यात कमी’) तर तो भेद नव्हे, मोजमाप झालं. भेद पद्धतीत सापडायला हवा.

कृतीचा प्रकार बघून काय सांभाळायचं

*कविता.* एका कवीचा संग्रह म्हणजे एक कृती. कविता छोट्या, पाठ होतात, शब्दाशब्दाचं विश्लेषण होतं, म्हणून दुसऱ्या निकषाला सोनं. पण पाचसहा कविता तरी नीट तयार हव्यात आणि त्या एकाच सुरातल्या नकोत. कादंबरी आणि कविता अशी जोडी घेतली की हमखास होणारी चूक म्हणजे कादंबरीची गोष्ट सांगण्यात पानं जातात आणि कवितेला उरतो तळातला परिच्छेद. समतोलाचे गुण तिथेच जातात. कवितेपासून परिच्छेद सुरू करायची सवय लावली तर हे आटोक्यात राहतं.

*नाटक.* रंगसूचना वाचून ठेवा. प्रकाश, आवाज, कोण कुठे उभं आहे, कोण कधी निघून जातं : हे सगळं लेखकाच्या निवडींत मोडतं आणि त्यासाठी संवाद शब्दशः पाठ असावे लागत नाहीत. बेणारे निपचित पडलेली असताना गावकरी सामंत आपल्या पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट तिच्यासमोर ठेवून जातो, हे एक वाक्यात लिहिता येतं आणि त्यावर चार वाक्यं विश्लेषण होतं. नाटकाला ‘कादंबरी’ आणि प्रेक्षकाला ‘वाचक’ म्हणू नका. परीक्षकाच्या ते चटकन डोळ्यांत येतं.

*जाड कादंबरी.* चारपाचशे पानांचं पुस्तक आवडलं असेल तरी पुन्हा वाचायला वेळ आहे का ते आधी बघा. मे महिन्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांची इतर विषयांची कामं त्याच वेळी अंगावर असतात. दोनशे पानांचं पुस्तक तीनदा वाचलेलं बरं.

*चित्रकादंबरी.* चौकटींची मांडणी, काळ्या-पांढऱ्याचा वापर, दृष्टिकोन यांबद्दल बोलायला हवं. फक्त गोष्ट सांगितली तर चित्रं होती हे परीक्षकाला कळणारही नाही.

*अनुवाद.* दोन्ही कृती अनुवादित असल्या तरी नियमाला बाध येत नाही. मात्र एखाद्या विशेषणावर किंवा अनुप्रासावर मुद्दा उभा करताना जपा. तो शब्द अनुवादकाने निवडलेला असतो. रचना, प्रसंगांचा क्रम, प्रतिमा, दृष्टिकोन यांवर भर दिला की पाय घसरत नाही. मराठी घरांतल्या मुलांना तेंडुलकर मूळ भाषेत माहीत असतात, कधी प्रयोगही पाहिलेला असतो. उत्तर मात्र वर्गात वाचलेल्या इंग्रजी आवृत्तीवरच बेतलेलं हवं. प्रयोगातल्या दिग्दर्शकाच्या करामती लेखकाच्या नावावर टाकायच्या नाहीत.

हाच धोका चित्रपट आणि मालिकांचा. अ‍ॅटवूडच्या कादंबरीवरची मालिका बघून आलेला विद्यार्थी ऑफ्रेडचं खरं नाव ठामपणे लिहितो. कादंबरी ते उघडपणे सांगतच नाही, आणि न सांगणं हीच तर लेखिकेची चाल आहे.

पाठांतर, आणि ज्ञानाचं ओझं

जोडी ठरली की प्रत्येक कृतीतून आठ ते दहा छोटी अवतरणं काढा. छोटी म्हणजे तीन ते सहा शब्द. लांब वाक्यं पाठ करण्यात वेळ जातो आणि एक शब्द चुकला की विश्वास उडतो. निवडताना एकाच अवतरणातून दोनतीन ओळी साधतात का ते बघा : जागेच्या प्रश्नालाही चालेल आणि सत्तेच्याही. दोन कृतींतली अवतरणं शेजारी लिहा, वेगवेगळ्या वहीत नाही. मेंदूला जोडीनेच आठवायची सवय लागते.

लेखकाचं चरित्र आणि काळाची माहिती मोजकीच ठेवा. १८८० सालच्या जर्मन प्रयोगासाठी इब्सेनने नोरा घरीच राहते असा पर्यायी शेवट लिहून दिला, ही गोष्ट रंजक आहे. मूळ शेवट त्या काळच्या प्रेक्षकाला किती जड गेला असेल हे सांगायला एका वाक्यात ती कामी येईल. पण तिच्यावर परिच्छेद खर्च केलात तर त्याला गुणांचा रकानाच नाही.

ए-लेव्हलवाल्यांसाठी थोडक्यात

ब्रिटनमध्ये पिअर्सन एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हलला (तिथली शाळेच्या शेवटची परीक्षा) बसणाऱ्यांचा प्रोज, म्हणजे गद्याचा, पेपर वरवर असाच वाटतो, पण निवड बरीच बांधलेली असते. विषयसूत्र ठरलेलं, त्याखालची पुस्तकं ठरलेली, दोन्ही गद्य आणि त्यांतलं किमान एक १९०० पूर्वीचं. जोडी बहुधा शिक्षकच ठरवतात. तिथे पुस्तक जवळ ठेवता येतं, त्यामुळे अवतरणं घोकण्यापेक्षा पानं पटकन सापडण्याची तयारी करावी लागते. आणि तिथे काळाच्या संदर्भाला स्वतंत्र गुण असतात, तेव्हा वर संदर्भाबद्दल जे सांगितलं ते त्यांना लागू नाही. दहा ओळींचा कागद मात्र जसाच्या तसा वापरता येईल.

परीक्षेच्या खोलीत

आधी प्रश्न, मग जोडी. घरून ‘आज इब्सेन आणि अ‍ॅटवूडच लिहिणार’ असं ठरवून आलेले विद्यार्थी प्रश्न वाकवत बसतात. चारही प्रश्न वाचा, दोन बाजूला काढा, आणि त्या दोघांपुढे तिन्ही जोड्यांतली कुठली बसते ते कच्च्या कागदावर आद्याक्षरांनी मांडा. ज्या जोडीत तीन भेद दिसतात ती घ्या. एखाद्या प्रश्नात दोन भाग असतात (घटक आणि त्याचा परिणाम). दुसरा भाग खाली रेघ मारून ठेवा, तोच लिहिताना विसरला जातो.

आराखड्याला बारा ते पंधरा मिनिटं द्या. तीन मुख्य परिच्छेद, प्रत्येकात दोन्ही कृती. आधी सगळं एका पुस्तकाबद्दल आणि मग सगळं दुसऱ्याबद्दल अशी रचना करू नका. तुलना शेवटच्या अर्ध्या पानावर ढकलली जाते आणि तोवर वेळ संपत आलेला असतो. परिच्छेदाचं पहिलं वाक्य दोन्ही लेखकांची नावं आणि एक क्रियापद घेऊन सुरू होऊ द्या : कोण काय राखून ठेवतो, कोण काय आधीच उघड करतो.

लिहायला साधारण ऐंशी मिनिटं मिळतात. मध्यावर, पन्नासाव्या मिनिटाला, एकदा थांबून मागची पानं चाळा : दोन्ही नावं साधारण सारख्या वेळा दिसतात का? एक मागे पडलं असेल तर पुढचा परिच्छेद त्याच कृतीच्या प्रसंगाने सुरू करा. शेवटची आठदहा मिनिटं पात्रांची नावं, लेखकांची नावं आणि कोणता प्रसंग कोणत्या कृतीतला हे तपासायला ठेवा. घाईत बेणारेची कडी नोराच्या दाराला लागलेली आढळते.